टपावरचा तंबू

१० नोव्हेंबर, सोमवार

शांभवी आज टेप घेऊन गाडी मोजत होती! मी स्वयंपाकघराच्या खिडकीतनं बघितलं. आधी हौद्याची लांबी, मग रुंदी. मग चपला काढून टपावर चढली आणि तिथलं माप घेतलं. हे गेल्यापासून ती पिकअप अंगणात नुसती उभी आहे. यांच्या नर्सरीची आंब्याची रोपं तिच्यातनंच कोकणापर्यंत जायची. आणि आता सूनबाई तिचं माप घेतायत.

विचारलं, "कशाला गं?"

"सहजच, आई."

सहज कुणी गाडी मोजतं का? माझी सगळी नोकरी एसटीच्या आरक्षण खिडकीत गेली. जाळीपलीकडचा माणूस "सहज विचारतोय" म्हणाला की समजायचं, याच्या पोटात काहीतरी वेगळंच आहे.

गाडी विकायची असणार. आधी गाडी — मग घर.

११ नोव्हेंबर, मंगळवार

विकायची नाही म्हणे. तिच्यात झोपायचंय!

शांभवीला एका संस्थेचं काम मिळालंय. भुदरगड, आजरा भागातल्या देवरायांमधली जुनी झाडं मोजायची, नोंद करायची. त्यासाठी ती पुण्याहून इथं माझ्याकडं येऊन राहिलीय. माझा राजवर्धन तिकडंच, कंपनीत. आजपर्यंत रोज सकाळी एसटीनं जायची, अंधार पडायला परत. आता म्हणते, निम्मा दिवस प्रवासातच जातो, त्यापेक्षा गाडी घेऊन तिकडंच मुक्काम करू. इथपर्यंत ठीक. पण पुढं काय म्हणाली — "आई, तुम्हीपण चला की माझ्याबरोबर."

मी? माझं तिथं काय काम?

लग्न झाल्यापासून माझ्याशी कामापुरतं बोलणारी पोरगी. चिकोडीची, माहेरी सगळं कानडी. राजवर्धननं पसंत केली, आम्ही अक्षता टाकल्या. वाईट नाही. भांडत नाही, उलट बोलत नाही. पण थांग लागू देत नाही.

वर विचारते, "तुमचे गुडघे कसे आहेत? शिडी चढाल ना?"

माझ्या गुडघ्यांची चौकशी! आजवर कुणी केली नाही.

१३ नोव्हेंबर, गुरुवार

राजवर्धनचा फोन. ती आंघोळीला गेल्यावर बरोबर आला. आधी माझं बीपी, गोळ्या, सगळं विचारलं. गुणाचं पोरगं. मग आवाज बारीक केला — "आई, शांभवी कुठं जाते, कुणाशी बोलते, जरा लक्ष असू दे. मला सांगत जा. काळजी वाटती गं."

नवरा आहे, वाटणारच काळजी. म्हटलं, असू दे, माझी नजर आहे.

१६ नोव्हेंबर, रविवार

शाहूपुरीत गेलतो. डोंगरदऱ्यात फिरणाऱ्यांच्या सामानाचं एक दुकान निघालंय तिथं. दुकानदार मला मावशी मावशी करत सगळे प्रकार दाखवत होता.

टपावरचा तंबू म्हणजे एक अवाढव्य सुटकेस. गाडीच्या डोक्यावर बोल्टनं बसवायची. मुक्कामाला पोचलं की कड्या काढायच्या, झाकण वर — आत गादी तयार! शिडी लावा, चढा, झोपा. जमिनीची ओल नाही, विंचूकाटा नाही, जनावर आलं तर खालनं निघून जाणार. मी म्हटलं, आणि रात्री लघवीला लागली तर? दुकानदार बिलबुक चाळायला लागला. तोटे त्यानं सांगितले नाहीत, मीच काढले. वजन चिक्कार. वारा सुटला की हलणार. आणि सकाळी दुधाला जरी गाडी काढायची म्हटली तरी आधी सगळं बिऱ्हाड मिटवायचं.

दुसरा, जमिनीवरचा तंबू. हलका, स्वस्त, कुठंही ठोका. पण त्या भागात गवे फिरतात. आजऱ्याकडं तर हत्ती. नको.

तिसरं मला पटलं. हौद्यात फळ्या टाकायच्या, वर गादी, त्यावर ताडपत्रीचं छप्पर. सामान फळ्यांखाली. चढायला एक पाय वर टाकला की झालं. हे कितीदा तरी रोपं पोचवून हौद्यातच पोत्यांवर झोपून यायचे.

शांभवी काही ऐकेना. तिचं सगळं लक्ष त्या टपावरच्या डबड्यात. आणि प्रश्न तरी काय — "आतले सगळे कोपरे एका नजरेत दिसतात का? खिडक्या लावल्यावर उजेड किती राहतो?"

दुकानदार म्हणाला, "मॅडम, झोपायला उजेड कशाला?"

तिनं वाकून परत आत बघितलं. मी मात्र ऐकून ठेवलंय.

१७ नोव्हेंबर, सोमवार

गच्चीवर वाळवण काढायला गेले तर ही कोपऱ्यात उभी राहून आईशी फोनवर. कानडीत. मला बघून आवाज उतरवला. पण शेवटचं कानावर पडलंच — "अवनिग हेळब्याड, अव्वा."

त्याला सांगू नको.

एवढी कानडी मला येते. निम्मे प्रवासी बेळगाव-निपाणीचे असायचे माझ्या खिडकीला. तिला ते माहीत नाही.

काय सांगू नको? कुणाला — राजवर्धनलाच ना?

१९ नोव्हेंबर, बुधवार

गाडीला बॅटरी घातली. चालू झाली! आवाज ऐकून मी हातातलं टाकून अंगणात गेले.

शांभवी ती घेऊन उद्यमनगरात गेली, तंबू बसवायला लोखंडी सांगाडा करून घ्यायचाय म्हणून. जाताना मोबाईल फ्रिजवर ठेवून गेली. विसरली म्हणावं तर नाही — माझ्यासमोर ठेवला, त्यावर रुमाल टाकला. आजकालची पोरगी मोबाईल सोडून जाते?

तो वाजायला लागला. थांबायचा, परत वाजायचा. शेवटी घेतला. राजवर्धन. "फोन घरात कसा? ती कुठं गेली?" मी सांगितलं, उद्यमनगरात केरबा म्हणून फॅब्रिकेशनवाला आहे, त्याच्याकडं. "केरबा कोण? किती वयाचा हाय?" मला काय माहीत? पलीकडं नुसता श्वास ऐकू येत होता. मग म्हणाला, "बघ आई. मी उगंच म्हणत न्हवतो."

संध्याकाळपर्यंत तेच डोक्यात. नवीकोरी कार पुण्यात ठेवून ही एसटीनं आली. आता मोबाईल फ्रिजवर. कुणीतरी आहे. नक्की कुणीतरी आहे!

२२ नोव्हेंबर, शनिवार

केरबाला बघायचंच म्हणून आज मी बरोबर गेले. सांगाडा बघायचं निमित्त.

केरबा साठीचा. पुढचे दात नाहीत. मला बघून वेल्डिंगचा चष्मा कपाळावर ढकलला आणि आधी भांडायलाच लागला. "काकू, तुम्ही तरी सांगा हिला! टपावर कशाला चढून बसायचं माकडागत? हौद्याला झक्कास छप्पर मारून देतो, दार देतो, जाळी देतो." त्याला मोठं काम मिळावं म्हणून म्हणतोय, तेवढं मला कळतं. तरी माझंच मत बोलत होता, म्हणून बरं वाटलं.

मग हसत म्हणाला, "आणि तुमच्या चिरंजीवांचा फोन आलता की मला! नंबर कुठनं काढला देव जाणे. म्हणं तुमचं वय काय, लगीन झालंय का, दुकानात आणि कोण कोण असतंय. म्हटलं, पावणं, माझ्यासाठी पोरगी बघितलीया काय? नातवंडं हायत मला!"

तिथली सगळी पोरं हसली. मीपण हसले.

शांभवी हसली नाही. तिनं फक्त माझ्याकडं बघितलं. रागानं नाही. आधीच माहीत असलेलं काहीतरी पुन्हा दिसल्यासारखं.

परत येताना मी काच खाली केली. बाहेर बघत बसले. राजवर्धननं असं करायला नको होतं. पण काळजीपोटी माणूस करतो. आणि हिच्या मनात काही नसेल तर ही गप्प का? दोन शब्द बोलायचे मला. भांडायचं!

२५ नोव्हेंबर, मंगळवार

आज सरळ विचारलं. आजऱ्यात माझी मावसबहीण बयाबाई आहे. काजूची फॅक्टरी, एवढं मोठं घर, एकटी राहते. तिच्याकडं झोपू, तिथनं देवराया बघ तुझ्या. टपावर झोपायची हौस कशाला?

"नको आई. कुणाच्या घरी नको."

"का?"

"त्यांना त्रास होईल."

"मग गारगोटीत लॉज बघ."

"लॉज तर नकोच." एवढ्या जोरात म्हणाली की हातातला चमचा खाली पडला.

घर नको, लॉज नको. जमिनीवर नको, हौद्यात नको. माणसाला कुठं झोपायचं यात एवढं काय लपवण्यासारखं असतं?

राजवर्धनला सांगितलं. तो म्हणाला, "तू जा तिच्याबरोबर. सोडू नको एकटीला."

म्हणजे मी जावं असं तिलाही वाटतं, त्यालाही वाटतं. मला कुणी विचारतच नाही! जाणार पण मी. बघायचंच आहे मला.

२९ नोव्हेंबर, शनिवार

तंबू बसला. विकत नाही घेतला — आधी भाड्यानं, जमलं तर बघू म्हणाली. हे तरी शहाणपणाचं.

अंगणातच उघडून बघितला. मी चढले! दोन पायऱ्यांवर थांबले, देवाचं नाव घेतलं, पुढच्या चढले. आत छान आहे, खोटं कशाला बोलू. गादी मऊ. जाळीतनं वारा. शेजारच्या चिमणाबाईंची गच्ची पूर्ण दिसते, त्यांनी माझा हरवलेला पाट वापरायला घेतलाय तेही दिसलं.

उतरताना पाय सापडेना. खालनं शांभवीनं माझी टाच धरून पायरीवर ठेवली. प्रत्येक पायरीला.

१ डिसेंबर, सोमवार

शिडीच्या बाजूंना तिनं सुती दोरीच्या मुठी बांधल्या. "तुमच्या हातांना लोखंड गार लागेल." एवढं गोड कशासाठी?

५ डिसेंबर, शुक्रवार

गारगोटीच्या पुढं, डोंगराच्या अंगाला. पिराजींच्या शेतात मुक्काम. यांनी कधीकाळी त्यांना हापूसची रोपं दिली होती, ती आता मोठी झाडं झालीत. पिराजींनी त्यांच्याखालीच गाडी लावायला लावली. तंबू उघडताना सगळं घर बघायला आलं. "गवं खालच्या वाटंनं जात्यात. वर झोपताय ते बेस. पर आमच्या घरात जागा हाय की, पावणं!" शांभवीनं हात जोडले. नको म्हणाली.

दुपारभर देवराईत होतो. ती झाडाच्या बुंध्याला टेप लावायची, मी दुसरं टोक धरायचे. एका झाडाला आमचे चारही हात पुरेनात. ती हसली. खळखळून! हिला असं हसता येतं हे मला माहीत नव्हतं.

मोबाईलला रेंज नाही. मला वाटलं आता हिची चुळबुळ सुरू होईल. तर म्हणाली, "किती बरं वाटतंय ना, आई?" आणि भाकरी माझ्याहून जास्त खाल्ली. रेंज नाही म्हणून खूश होणारा माणूस मी पहिल्यांदा बघितला. याचाही काहीतरी अर्थ असणारच. पण आज डोकं चालत नाही, पाय दुखतायत. उजेड आहे तोवर लिहून ठेवते आहे.

६ डिसेंबर, शनिवार

आजचं आजच लिहून ठेवते.

सकाळी झोप छान झाली होती. गुडघे ठीक. पिराजींनी सांगितलं, वरच्या खडकापाशी फोन लागतो, एकदा लागला की खाली गाडीपर्यंत टिकतो. शांभवी चहा टाकत होती. म्हटलं राजवर्धनला खुशाली कळवू, म्हणून मीच तिथं गेले. मोबाईल हातात जिवंत झाला आणि मिस्ड कॉलची रांगच लागली. सगळे त्याचे. मी लावायच्या आत त्याचाच आला.

"कुठं हाईस? रात्री फोन का बंद?"

सांगितलं. रेंज नाही, शेतात आहोत, मजेत आहोत.

"व्हिडिओ लाव."

लावला. म्हटलं, बघ किती सुंदर जागा आहे. डोंगर दाखवायला लागले, तर ओरडला — "डोंगर नको! तंबू दाखव. आत कोण हाय ते दाखव."

मी म्हटलं, "आत कोण असणार? रात्रभर मी होते आत."

"तू झोपल्यावर? तुला काय कळतंय? उघड तंबू!"

माझं पोरगं. माझ्याशी बोलत होतं. माझे पारोसे केस, माझ्या अंगावर शाल, आणि आईला म्हणतंय, आत कोण आहे दाखव.

मी खाली आले तशीच, मोबाईल हातात. माझा चेहरा बघून शांभवीला कळलं. तिनं गॅस बारीक केला. माझ्या हातातनं मोबाईल घेतला. शिडी चढली. चेन उघडली. मोबाईल आत फिरवला — हा कोपरा, तो कोपरा. गादी उचलून खालचं दाखवलं. पांघरूण झटकून दाखवलं. जाळीचे खिसे उलटे केले. मग खाली उतरून गाडीची केबिन, सीटच्या मागं, हौदा. हौद्यातल्या पाण्याच्या कॅनमागं. सगळं न सांगता. तिचा हात इतका सरावलेला होता! माझ्या खिडकीत तिकिटावर शिक्का मारताना माझा हात असा चालायचा.

"झालं?" तिनं विचारलं.

तो म्हणाला, "ठीक हाय." आणि फोन ठेवला.

चहा उतू गेला होता.

मी पिराजींच्या बांधावर बसले. ती शेजारी येऊन बसली. मीच विचारलं, "कधीपासनं?"

"लग्नाच्या दुसऱ्या महिन्यापासून."

"मारतो?"

"नाही, आई. मारत नाही. म्हणून तर कुणाला सांगता येत नाही."

मग ती बोलली. एवढं कधी बोलली नव्हती. ऑफिसच्या कामाला गेली की लॉजची खोली दाखवायची. बाथरूम, कपाट, पलंगाखाली. मग लॉजच्या मॅनेजरला त्याचा फोन. मैत्रिणीकडं गेली तर मैत्रिणीच्या नवऱ्याला फोन. चिकोडीला गेली, तर तिच्या वडलांना, अप्पांना घराबाहेर यायला लावून रस्त्यावर कुठली गाडी उभी आहे ते दाखवायला लावलं. कार कुठं आहे ते त्याच्या मोबाईलवर दिसतं, मोबाईल कुठं आहे तेही दिसतं. तिची अव्वा त्याच्या पाया पडून सांगते म्हणत होती. हिनंच तिला म्हटलं, त्याला काही सांगू नको, वाढेल अजून.

"कुणाच्या घरी कशी राहू, आई? बयामावशींना त्यानं रात्री उठवलं असतं. कपाटं उघडायला लावली असती."

"म्हणून हे टपावरचं?"

"एकच दार. चार कोपरे. पटकन दाखवून होतं."

मी किती दिवस त्या तंबूचं वजन, वारा, शिडी करत बसले होते.

"आणि मला कशाला आणलंस?"

तिनं हातातला कप फिरवला. "मला माहीत होतं तुम्ही त्याला सगळं सांगता. म्हणूनच. वाटलं, तुम्ही शेजारी झोपलात तर तरी विश्वास बसेल त्याचा. निदान तुमच्यावर."

मग म्हणाली, "तुम्हीपण सारखं त्याच्यासारखंच बघता, आई. पण तुम्ही तुमची टाच धरू दिलीत मला."

पिराजींची बायको भाकरी घेऊन आली. म्हणाली, काय झालं, दोघी का रडताय? म्हटलं, चुलीचा धूर. चूल कुठं होती तिथं!

७ डिसेंबर, रविवार

घरी आलो. ती दुपारभर झोपली. आतनं कडी लावून नाही — दार उघडं ठेवून. मी बाहेर बसून मेथी निवडली.

राजवर्धनचा फोन आला. घेतला नाही. परत आला. घेतला नाही. जन्माला घातल्यापासून पहिल्यांदा.

८ डिसेंबर, सोमवार

राजवर्धन पुण्याहून आला. सकाळपासनं दारात आहे. आधी बेल, मग थापा. चिमणाबाई बाहेर येऊन बघून गेल्या. शांभवी आत भिंतीला टेकून बसलीय. पाणी दिलं, ते हातातच आहे.

"आई, दार उघड की. परका हाय का मी? मी हाय, राजू!"

मी दाराला पाठ लावली आणि म्हटलं, "तू आहेस म्हणूनच उघडत नाही."